गरम पाण्यातून खनिज किती वेगाने बसते?

कर्नाटकातील आळंद तालुक्यातले कडगंची दख्खनच्या बेसॉल्टवर, त्याच्या पूर्वेकडच्या कडेला वसले आहे. या पठारावर कुठेही विहीर खणली की काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये छिद्राळ खडक लागतो. महाराष्ट्रात विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याचा तुकडा फोडला की वाटाण्याएवढ्या, कधी बोराएवढ्या पोकळ्या दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा भरलेल्या असतात. कडेला हिरवट, मातकट थर, त्याच्या आत पांढरी, मोतिया चमकेची झिओलाइटची स्फटिके आणि कधी मधोमध कॅल्साइटचा एखादा कण. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या झाल्या. त्या भरल्या खडकातून फिरणाऱ्या कोमट-गरम पाण्याने. भरायला किती काळ लागला, वर्षे की लाखो वर्षे, या साध्या प्रश्नावर भू-रसायनशास्त्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ काम सुरू आहे आणि आजही एका आकड्यावर एकमत नाही.

हा प्रश्न फक्त संग्राहकांचा नाही. भूऔष्णिक विहिरी किती वर्षे चालतील, बेसॉल्टमध्ये सोडलेला कार्बन डायऑक्साइड किती लवकर दगड होईल, कोकणातल्या झऱ्यांखाली पाणी किती तापलेले आहे, या सगळ्यांची उत्तरे त्याच वेगावर अवलंबून आहेत. आळंदच्या शेतकऱ्यासाठीही तो दूरचा नाही. मांजऱ्याच्या पोकळ्या आणि भेगा जितक्या भरलेल्या, तितके बोअरला पाणी कमी.

पार्श्वभूमी

पहिला ठोस पुरावा फ्रान्समधून आला. प्लोंबिएर या गावी रोमन काळापासून गरम पाण्याची स्नानगृहे आहेत. ओग्युस्त दोब्रे या भूवैज्ञानिकाने १८५०च्या दशकात तिथल्या जुन्या विटा-चुन्याच्या बांधकामाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सतत भिजलेल्या विटांच्या छिद्रांत त्याला झिओलाइटची स्फटिके सापडली. बांधकाम माणसाने केलेले असल्यामुळे काळाची वरची मर्यादा ठरली: दोन हजार वर्षांहून कमी. खनिजे बसायला अफाट तापमान किंवा अफाट काळ लागतोच, ही समजूत तिथे ढासळली.

याहून वेगवान दाखला आइसलँडजवळच्या सुर्त्से बेटाने दिला. १९६३ ते १९६७ या काळात समुद्रातून वर आलेल्या या ज्वालामुखी बेटावर १९७९ मध्ये छिद्र पाडले गेले. आतले तापमान १४० अंशांच्या आसपास होते. ज्वालामुखीची राख पंधरा वर्षांच्या आतच घट्ट खडक झाली होती आणि तिच्यात फिलिप्साइट, अ‍ॅनाल्सिम ही झिओलाइटे आणि टोबरमोराइट तयार झाले होते. म्हणजे गरम, काचमय, ताज्या खडकात हे काम एका पिढीच्या आत उरकते.

दुसरा प्रवाह खडकांच्या नकाशांचा. जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडच्या बेसॉल्टमधील झिओलाइटांचे पट्टे मांडले. हे पट्टे लाव्हाच्या थरांना आडवे छेदून जातात, म्हणजेच थरांची रास रचली गेल्यानंतर तिच्यातील उष्णतेने ते ठरले, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. पुढे आइसलँडच्या चालू भूऔष्णिक विहिरींत मोजमाप झाल्यावर ढोबळ तापमानेही जोडता आली: चॅबाझाइट साधारण ७० अंशांपर्यंत, स्कोलेसाइट-मेसोलाइट त्यावर, स्टिल्बाइट सुमारे ९० ते ११०, आणि लोमोन्टाइट ११० च्या पुढे. आपल्याकडे १९७४ मध्ये आर. एन. सुखेस्वाला, आर. के. अवासिया आणि एम. गंगोपाध्याय यांनी पश्चिम भारतातील दख्खन बेसॉल्टसाठी लोमोन्टाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइट असे तीन पट्टे मांडले. दख्खनवर आज होणारी चर्चा अजून त्याच चौकटीत फिरते.

तिसरा प्रवाह अभियंत्यांचा. न्यूझीलंडचे वायराकेई केंद्र १९५८ पासून वीज देते आहे, आणि सांडपाण्याच्या नाल्यांत, नळांत बसणारा सिलिकाचा थर हा तिथल्या रोजच्या कामाचा भाग झाला. अभियंत्यांना लाखो वर्षांशी देणेघेणे नव्हते. नळ किती महिन्यांत बुजेल एवढेच त्यांना हवे होते. खडकांचे अभ्यासक आणि नळांचे अभ्यासक बराच काळ एकमेकांपासून दूर राहिले, आणि आजच्या मतभेदांचे मूळ बऱ्याच अंशी या दुराव्यात आहे.

समतोल कळला, वेग अडला

कोणत्या तापमानाला कोणत्या पाण्यातून कोणते खनिज बसू शकेल, हे आता बरेच विश्वासाने सांगता येते. कधी बसेल, हा भाग अडतो. नेहमीचे समीकरण तीन गोष्टींचा गुणाकार करते: तापमानानुसार बदलणारा त्या खनिजाचा स्थिरांक, वाढीसाठी उपलब्ध असलेले पृष्ठफळ, आणि पाणी संपृक्ततेच्या किती पुढे गेले आहे ते. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण खडकातले खरे पृष्ठफळ कोणालाच थेट मोजता येत नाही, आणि सुरुवातीला स्फटिकच नसेल तर पृष्ठफळ शून्य धरावे लागते. शून्याने गुणले की खनिज कधीच बसणार नाही, असे उत्तर येते. त्यामुळे पहिला कण कसा जन्मतो, म्हणजे केंद्रकनिर्मिती, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

सिलिकाचा अभ्यास सर्वांत खोल झाला आहे. डोनाल्ड रिम्स्टिट आणि ह्यूबर्ट बार्न्स यांचा १९८० चा निबंध शून्य ते ३०० अंशांपर्यंतच्या वेगांचा पाया मानला जातो. त्यांनी क्वार्ट्झ बसण्यासाठी काढलेली सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ५० किलोजूल आहे. हिशेब केला तर ३० अंशांवरून १५० अंशांवर गेल्यास स्थिरांक सुमारे पावणेतीनशे पटींनी वाढतो. तरी इतर खनिजांच्या मानाने क्वार्ट्झ आळशीच राहते. २५० अंशांच्या जलाशयात क्वार्ट्झशी समतोल साधलेल्या पाण्यात किलोमागे सुमारे ४८० मिलिग्रॅम सिलिका असते. ते वर आणून १०० अंशांपर्यंत वाफ काढून घेतली की उरलेल्या पाण्यात हे प्रमाण ६९० च्या आसपास जाते. त्या तापमानाला क्वार्ट्झच्या हिशेबाने बहुतेक सगळी सिलिका खाली बसायला हवी. प्रत्यक्षात क्वार्ट्झ मागे राहते आणि अस्फटिकी सिलिका बसते, कारण तिची मर्यादा, सुमारे ३६०, ओलांडली गेलेली असते. कमी स्थिर रूप आधी आणि स्थिर रूप नंतर, हा क्रम ओस्टवाल्डने १८९७ मध्येच सांगितला होता. आपल्या पोकळ्यांतल्या कॅल्सेडनीच्या, अकीकाच्या पट्ट्यांमागेही बहुधा हाच क्रम आहे.

कॅल्साइटचे वागणे उलट आहे. पाणी तापले की ते कमी विरघळते, आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटला की झपाट्याने बसते. कलबुर्गी, सोलापूर, लातूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी येते, त्यांना हे निराळे सांगायला नको. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर काही महिन्यांत पांढरी, खरखरीत खपली चढते. लिंबाचा रस टाकला की ती फसफसते. हाच थर विहिरीच्या नळात पाणी जिथे उकळायला लागते नेमक्या त्या खोलीवर बसतो. तुर्कस्तानातील किझिलदेरे येथे १९८४ मध्ये केंद्र सुरू झाल्यापासून या थराने विहिरी चोंदत राहिल्या. पुढे खोलवर रसायने सोडून तो आटोक्यात आणला गेला. कॅल्साइटच्या बाबतीत वेगाचा वाद फारसा नाही. बसायचेच असेल तर ते लगेच बसते.

डोलोमाइट हे दुसरे टोक. लिंटन लँड यांनी २५ अंशांवर हजारपट अतिसंपृक्त द्रावण ३२ वर्षे जपून ठेवले. डोलोमाइट बसले नाही. १९९८ मध्ये त्यांनी हा निकाल प्रसिद्ध केला. पाव शतकानंतर, २०२३ मध्ये, वेन्हाव सुन यांच्या गटाने दाखवले की द्रावण थोडे असंपृक्त आणि पुन्हा अतिसंपृक्त असे हेलकावत ठेवले तर चुकीच्या जागी बसलेले अणू विरघळून जातात आणि वाढ पुढे सरकते. माझ्या मते गेल्या काही दशकांतला या क्षेत्रातला हा सर्वांत बोलका निकाल आहे. निसर्गातले पाणी कधीच स्थिर नसते. पाऊस, भरती-ओहोटी, भूकंप सगळे त्याला हलवत असतात. प्रयोगशाळेने मात्र आजवर ते कटाक्षाने स्थिर ठेवले.

तीन भूमिका

वेगाविषयी आज मुख्यतः तीन भूमिका दिसतात. त्या एकमेकींना पूर्णपणे नाकारत नाहीत. भर कुठे द्यायचा, यावर त्यांचा मतभेद आहे.

पहिली भूमिका संक्रमण-अवस्था सिद्धान्तावर उभी आहे. विरघळण्याचा वेग मोजा, समतोलाच्या अटीवरून तोच उलटा फिरवा, बसण्याचा वेग मिळाला. विरघळण्याची मोजमापे विपुल आहेत आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००४ मध्ये काढलेले पालांद्री व खाराका यांचे संकलन जगभरच्या संगणकीय प्रतिमानांत वापरले जाते. या पद्धतीचे मोठे बळ असे की सगळ्या खनिजांना एकाच रीतीने हाताळता येते आणि एका अभ्यासकाचा हिशेब दुसऱ्याला तपासता येतो. तिचे टीकाकार म्हणतात की ती बहुतेक वेळा बसण्याचा वेग अवास्तव जास्त दाखवते, कारण केंद्रकनिर्मितीला लागणारा विलंब तिच्यात नाही आणि समतोलाच्या जवळ वाढीची रीतच बदलते.

दुसरी भूमिका स्फटिकाच्या पृष्ठभागाकडे पाहते. बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्फटिक पायऱ्या-पायऱ्यांनी वाढतो, आणि पायऱ्या कमी असतील तर वाढही मंद. सुसान कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ६० ते १२० अंशांवरील अस्फटिकी सिलिकाचे प्रयोगशाळेतले वेग वायराकेईत मोजलेल्या वेगांशी ताडून पाहिले, तेव्हा अतिसंपृक्तता वाढली की वेग सरळ रेषेत न वाढता उसळतो, हे पुढे आले. पृष्ठभागावर नवे केंद्रक जन्मत असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. या भूमिकेची अडचण व्यावहारिक आहे. प्रत्येक खनिजाच्या पृष्ठभागाची तपशीलवार मोजणी लागते आणि झिओलाइटांसाठी ती फारच थोडी झाली आहे.

तिसऱ्या भूमिकेचे लोक म्हणतात, खडकात रसायनापेक्षा पाण्याचा प्रवास मंद असतो, म्हणून वेग ठरतो तो नव्या पाण्याच्या पुरवठ्यावरून. भेग बुजत जाते तसा पुरवठा आटतो आणि प्रक्रिया स्वतःच स्वतःला थांबवते. आर्ट व्हाइट आणि सुसान ब्रँटली यांनी २००३ मध्ये दाखवले की खनिज विरघळण्याचा दिसणारा वेग काळाबरोबर सतत घटत जातो. जुन्या खडकात तो ताज्या चुऱ्याच्या तुलनेत कित्येक पटींनी मंद असतो. दुय्यम खनिजे बसत राहिल्याने पाणी संपृक्ततेच्या जवळ अडकते, हे त्यामागचे एक कारण. या भूमिकेचा दोष असा की प्रवाहाचा इतिहास माहीत नसेल तर ती काहीही समजावू शकते, आणि म्हणून खोटी पाडणे कठीण जाते.

दख्खनचा पुरावा

आता आपल्या खडकाकडे. दख्खनचे बहुतेक लाव्हे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास ओतले गेले. पोकळ्या कधी भरल्या, यावर तीन मते आहेत: लाव्हा थंड होतानाच उरलेल्या उष्णतेने, रास दडपली गेल्यावर खोलीच्या उष्णतेने, की नंतर भेगांतून आलेल्या गरम पाण्याच्या फेऱ्यांनी.

दुसऱ्या मताची परीक्षा आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात चांगली होते. कोयनेत ३,०१४ मीटर खोल गेलेल्या पथदर्शी छिद्रात बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर निघाली. पूर्वेला, १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या ६१७ मीटरच्या छिद्रात ती फक्त ३३८ मीटर आहे. किल्लारीहून आळंद-बिदरकडे आले की आपण पठाराच्या कडेलाच पोचतो. बिदरच्या पठारावर लाल लॅटेराइटची जाड टोपी आहे. बिदरचा किल्ला त्याच दगडात उभा आहे. लॅटेराइट तयार व्हायला भूपृष्ठ दीर्घकाळ उघडे राहावे लागते, म्हणून इथे वरून शेकडो मीटर खडक अलीकडे झिजून गेला असे मानणे अवघड आहे. तीनचारशे मीटर जाडीने तापमान दहा अंशांपलीकडे वाढत नाही. तेव्हा या भागात लोमोन्टाइटसारखे उच्च तापमानाचे खनिज मोठ्या प्रमाणात सापडले तर त्याची उष्णता खोलीची नव्हती, दुसरीकडून आली होती, असे मानावे लागेल. कडेच्या पोकळ्यांचा खनिजवार नकाशा झाला तर तीन मतांमधली निवड बरीच सोपी होईल.

काळाचा थेट पुरावा अलीकडे मिळाला. बर्थोल्ड ओटेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दख्खनच्या पोकळ्यांतील अ‍ॅपोफिलाइटची वये काढली. ती दोन गटांत पडली: सुमारे ५.५ ते ५.८ कोटी वर्षे आणि सुमारे २.१ ते २.३ कोटी वर्षे. पहिला गट लाव्ह्यानंतर जवळजवळ एक कोटी वर्षांनी, दुसरा तर चार कोटींहून अधिक वर्षांनी. लाव्हा थंड होताना मागे राहिलेल्या उष्णतेने एवढा उशीर समजावता येत नाही. तरी हे वय स्फटिक कधी बसला ते सांगते, बसायला किती वेळ लागला ते नाही. एखाद्या फेरीचे काम सुर्त्सेसारखे काही वर्षांत उरकले आणि पुढची फेरी येईपर्यंत कोट्यवधी वर्षे काहीच झाले नाही, असेही शक्य आहे. मला हीच शक्यता अधिक पटते. पोकळीत थरांमधल्या सीमा इतक्या रेखीव असतात, आणि नाशिक, पुणे, जळगावकडच्या खाणींतून निघणारे मोठे, निर्दोष स्टिल्बाइट-अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक इतके स्वच्छ असतात, की मंद आणि अखंड टिपकणाऱ्या पाण्यापेक्षा मोजक्या, स्थिर फेऱ्या त्यांना जास्त जुळतात.

दक्षिणेकडे भीमा खोऱ्यात, यादगिर जिल्ह्यातील गोगी येथे, प्रस्तरभंगालगत चुनखडी आणि ग्रॅनाइटच्या भेगांत युरेनियमची खनिजे बसलेली आहेत. शहाबादी फरशी ज्या चुनखडीतून निघते, तिच्याच खडकगटात खोलवरचे गरम पाणी भेगांतून वाहिले होते, याचा तो पुरावा. सीमाभागातील पाण्याचा इतिहास फक्त बेसॉल्टपुरता नाही, एवढे त्यावरून कळते.

कोकणचे झरे

जिवंत गरम पाणी मराठी मुलखात मुख्यतः पश्चिमेला आहे. पालघरमधील कोकनेरपासून राजापूरपर्यंत वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, सोव, उन्हवरे, आरवली, तुरळ असे झरे एका रांगेत आहेत. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळपास प्लोंबिएरइतके. टॉमस ओल्डहॅमने जमवलेली भारतातील उष्ण झऱ्यांची यादी १८८२ मध्ये छापली गेली, आणि १९६६ मध्ये केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमल्यावर कोकण पुन्हा अभ्यासात आले.

इथे वाद जलाशयाच्या तापमानाचा आहे, आणि तो मुळात वेगाचाच वाद आहे. सिलिकेवरून तापमान काढताना गृहीत धरतात की खोल पाण्याने क्वार्ट्झशी समतोल साधला आणि वर येताना सिलिका बसायला वेळ मिळाला नाही. समजा झऱ्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम सिलिका आहे. क्वार्ट्झ धरले तर खाली १३७ अंश येतात, कॅल्सेडनी धरली तर ११०. स्टेफान आर्नोरसन यांनी आइसलँडच्या बेसॉल्टसाठी १९७५ मध्ये सांगितले की ११० अंशांखाली कॅल्सेडनीचा ताबा असतो, १८० च्या वर क्वार्ट्झचा, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींपैकी काहीही. कोकणचे अंदाज नेमके याच मधल्या पट्ट्यात घोटाळतात. त्यात काही झऱ्यांत समुद्राचे पाणी मिसळलेले असल्याने सोडियम-पोटॅशियमचा हिशेबही बिघडतो. दोर्नाडुला चंद्रशेखरम यांच्यासारखे अभ्यासक इथे वीजनिर्मितीची शक्यता ठामपणे मांडतात. इतरांच्या मते हे पठाराखालच्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये फिरून आलेले, फारसे न तापलेले पाणी आहे. झऱ्यांच्या तोंडाशी सिलिकाचे मोठे थर रचलेले दिसत नाहीत, ही गोष्ट दुसऱ्या बाजूच्या पारड्यात पडते. पण ७० अंशांवर सिलिका इतकी संथ असते की थर नसणे हा निर्णायक पुरावा ठरत नाही. खोल छिद्राखेरीज हा वाद मिटेल असे वाटत नाही. देशात सध्या खोल छिद्रांचा मुख्य प्रयत्न लडाखच्या पुगा खोऱ्यात आहे. तिथल्या पथदर्शी केंद्रासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला.

कार्बन दगडात

या सगळ्या चर्चेला गेल्या दशकात नवे वजन आले ते कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडून त्याचा दगड करणाऱ्या आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पामुळे. हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला सुमारे अडीचशे टन वायू २० ते ५० अंशांच्या बेसॉल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन खनिजरूप झाला, असा अहवाल २०१६ मध्ये आला. निरीक्षण विहिरीतला पंप मध्येच बंद पडला. बाहेर काढला तेव्हा त्यावर कॅल्साइट चढलेले होते. प्रतिमानांनी दिलेल्या अंदाजापेक्षा हा वेग खूपच जास्त होता, आणि पहिल्या भूमिकेवर वेग फुगवण्याचा जो आरोप होतो, त्याला इथे उलटा झटका बसला. शंका घेणारे दाखवतात की हिशेब मुख्यतः माग काढण्यासाठी पाण्यात सोडलेल्या द्रव्यांवर उभा आहे, आणि टनाला वीस-पंचवीस टन पाणी लागते. कोरड्या मुलखासाठी ही अट जड आहे.

दख्खनसाठी प्रश्न आणखी टोकदार होतो. आइसलँडचा बेसॉल्ट तरुण आहे, काचमय आहे, त्याची छिद्रे बरीच मोकळी आहेत. आपला बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांचा, आणि त्याच्या छिद्रांत झिओलाइट आणि चिकणखनिजे आधीच बसलेली. आयआयटी मुंबईत २०२२ मध्ये कार्बन पकडून वापरण्यावरचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र सुरू झाले आणि तिथे दख्खन बेसॉल्टवर प्रयोग चालू आहेत. आशावादी म्हणतात, झिओलाइटही कॅल्शियम देऊ शकते आणि खडकाचे आकारमान अफाट आहे. सावध अभ्यासक म्हणतात, आकारमानाचा उपयोग नाही, पाणी पोचेल एवढ्याच पृष्ठफळाचा उपयोग आहे, आणि बसणारे कॅल्साइट उरलेल्या वाटाही बुजवील.

काय उरले

झिओलाइटांच्या बसण्याचे वेग ५० ते १०० अंशांच्या टप्प्यात थेट मोजलेले फारच कमी आहेत, आणि दख्खनला नेमका हाच टप्पा हवा आहे. प्रयोगशाळेत झिओलाइट तासा-दिवसांत बनते, पण तिथे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. खडकातल्या पाण्याशी त्याची सरळ तुलना होत नाही. पृष्ठफळाचा प्रश्न तर जवळजवळ जिथल्या तिथे आहे. तिसरी उणीव नमुन्यांची. किल्लारी आणि कोयनेचे गाभे काढलेले आहेत, आणि त्यांच्यात खोलीनुसार पोकळ्या कशा भरत गेल्या याचे वाचन करून, त्याच गाभ्यांतील स्फटिकांची वये आणि द्रव-समावेशांची, म्हणजे स्फटिकांत अडकलेल्या द्रवाच्या थेंबांची, तापमाने एकत्र लावली, तर एका फेरीचा कालावधी प्रथमच मर्यादेत आणता येईल. २००९ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ कडगंचीला आहे. पठाराची कडा, बिदरचे लॅटेराइट, भीमा खोऱ्याची चुनखडी आणि किल्लारी, सगळे त्याच्या आवाक्यात येते. कडेच्या पोकळ्यांचा नकाशा करायला लागणारी साधने साधी आहेत: हातोडी, पातळ काप आणि क्ष-किरण विवर्तन. लोमोन्टाइट सापडते की नाही, आणि सापडले तर प्रस्तरभंगांच्या जवळच सापडते की सर्वत्र, एवढे कळले तरी खोलीच्या उष्णतेचे आणि गरम पाण्याच्या फेऱ्यांचे मत वेगळे करता येईल.